मंत्रालयात कागद घेऊन जाताना: सातारा-सांगलीच्या गावांसाठी

सातारा-सांगलीच्या माणसाला मुंबईचं मंत्रालय परकं वाटत नाही. देवराष्ट्रे इथं जन्मलेले यशवंतराव चव्हाण १ मे १९६० ला राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. वसंतदादा सांगलीचे, पृथ्वीराज चव्हाण कराडचे, एकनाथ शिंदे यांचं मूळ गाव महाबळेश्वर तालुक्यातलं दरे. त्यामुळे "वर आपला माणूस आहे" हे वाक्य आपल्याकडे पारावर सहज बोललं जातं. त्यातला अभिमान खरा आहे आणि तो असावाच. पण त्या भरवशावर गावचा अर्ज नीट लिहिला जात नाही. चार गाड्या भरून माणसं जातात, साहेबांबरोबर फोटो निघतो, गावात पेढे वाटले जातात, आणि दोन वर्षांनी कळतं की अर्जाला टपाल क्रमांकच पडलेला नव्हता.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, प्रकल्पग्रस्त किंवा गावातल्या एखाद्या संस्थेचा माणूस खरंच काम घेऊन मुंबईला निघणार असेल, तर त्यानं काय करावं ते इथं क्रमानं दिलं आहे.

आधी ठरवा, जायचं आहे का

निम्म्या कामांसाठी मुंबई लागतच नाही. दाखले, उतारे, नोंदी यांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेतूत किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करा, ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करा. फेरफाराची तक्रार मंडल अधिकारी आणि प्रांतांकडे. आजारपणासाठी मुख्यमंत्री सहायता निधी हवा असेल तर त्याचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातच आहे. पेशंट दवाखान्यात आणि नातेवाईक मंत्रालयाच्या दारात, ही ओढाताण कुणीही करू नये.

जिल्ह्यातच अडलेल्या वैयक्तिक तक्रारीसाठी लोकशाही दिन आहे. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. साताऱ्याचं जिल्हाधिकारी कार्यालय सदर बझारात, सांगलीचं विजयनगरला. एवढ्या जवळच्या दाराशी न जाता थेट मुंबई गाठली, की तिथून कागद याच दोन इमारतींकडे परत येतो आणि मधले दोन महिने फुकट जातात.

मुंबईला जावं ते चार-पाच प्रकारच्या कामांसाठी: निधी, योजनेची मान्यता, शासन निर्णयातली अट शिथिल करणं, पुनर्वसनाच्या जमिनीसारखा धोरणाशी बांधलेला प्रश्न, किंवा मंत्र्यांसमोर चालणारं अपील.

कुणाचं काम ते ओळखा

रस्त्याचंच घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणजे वर ग्रामविकास विभाग. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. अर्जात नुसतं "गावचा रस्ता" लिहिलं तर कागद एका विभागातून दुसऱ्याकडे "योग्य त्या कार्यवाहीसाठी" फिरत राहतो. रस्त्याचा क्रमांक उपअभियंत्याकडून लिहून घ्या आणि तोच विषयात टाका. गावांतर्गत गटार, सभामंडप, स्मशानशेड अशा कामांना ज्याला सगळे 'पंचवीस-पंधरा' म्हणतात तो निधी लागतो. ते ग्रामविकासचं २५१५ हे लेखाशीर्ष, म्हणजे निधीचं खातं. त्यात लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं येतात, त्यामुळे इथं आमदारांचं पत्र उपयोगी आहे. अट शिथिल करायच्या कामात मात्र त्याच पत्राचा फारसा उपयोग नाही, तिथं नियम बोलतो.

आता कार्यासन. विभाग मोठा असतो, काम मात्र एका टेबलावर होतं, आणि त्या टेबलाला कार्यासन म्हणतात. ते शोधायची खात्रीची रीत म्हणजे त्याच विषयावरचा अलीकडचा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवणं. वरच्या क्रमांकात शेवटी, 'प्र.क्र.' नंतरच्या तिरप्या रेषेपुढे, कार्यासनाची खूण असते. सही कुणाची आहे ते पाहा: कक्ष अधिकारी, अवर सचिव की उपसचिव. खाली 'प्रति'ची यादी असते आणि तिच्या तळाशी 'निवड नस्ती' (नस्ती म्हणजे फाइल) लिहिलेलं असतं, तिथंही बहुतेक वेळा कार्यासन दिलेलं असतं. संगणक संकेतांक अठरा अंकी असतो, त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी "जीआर निघाला" म्हणून मोबाईलवर कागद पाठवला आणि त्यावर संकेतांक नसेल, किंवा संकेतांकातली तारीख वरच्या तारखेशी जुळत नसेल, तर संकेतस्थळावर सापडेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नका. गावागावांत अशा कागदांवर पेढे वाटले गेले आहेत.

विभाग मुख्य इमारतीत आहे का तेही पाहा. काही कार्यालयं समोरच्या नवीन प्रशासकीय भवनात आहेत, पाणीपुरवठा विभागाच्या पत्त्यात तर गोकुळदास तेजपाल रुग्णालय संकुल लिहिलेलं दिसेल. दुपारी दोनला रांगेत उभं राहून चुकीच्या इमारतीचा पास काढला, की तो दिवस संपला.

अर्ज

एक अर्ज, एक विषय. रस्ता, पाण्याची टाकी आणि शाळेची खोली एकाच कागदात लिहिली तर तो अर्ज तीन विभागांचा होतो, म्हणजे कुणाचाच नाही. विषय दोन ओळींत: काय हवं, कुठं, कोणत्या योजनेतून. मग संदर्भ: आधीची पत्रं तारीख आणि जावक क्रमांकासह. मजकूर एका पानात बसवा. भाषणातली वाक्यं, "आपण गोरगरिबांचे कैवारी" वगैरे, काढून टाका. टिपणी लिहिणाऱ्या माणसाला त्यातलं काही उचलता येत नाही. त्याला लोकसंख्या, लांबी, गट नंबर, अंदाजपत्रकी रक्कम हवी असते.

सोबत ग्रामसभेचा ठराव, त्यावर ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि तारीख. जमिनीचा प्रश्न असेल तर चालू सातबारा आणि आठ-अ. जोडपत्रांना क्रमांक टाका आणि शेवटी त्यांची यादी द्या. स्पायरल बाइंडिंग, लॅमिनेशन, नेत्यांचे फोटो छापलेलं रंगीत कव्हर यातलं काही नको: ई-ऑफिसमध्ये कागद स्कॅन होतात, बाइंडिंग उसवताना पानं मागंपुढं होतात आणि एखादं राहूनच जातं. साधा ए-फोर, एक पिन. चार संच करा: एक द्यायचा, एक पोच घ्यायचा, एक आमदारांच्या पत्रामागे लावायचा, एक शिल्लक.

आमदारांच्या पत्रावर तारीख आणि जावक क्रमांक हवा, आणि विषयाचे शब्द तुमच्या अर्जातलेच हवेत. पत्रात "मौजे अमुक येथील रस्ता" आणि अर्जात "तमुक वस्ती जोडरस्ता" असं असलं तर एकाच कामाच्या दोन नस्ती उघडतात. मग एक सरकते आणि तुम्ही दुसरीचा पाठपुरावा करत बसता.

आमदारांकडून शिफारसपत्राखेरीज आणखी एक गोष्ट मागता येते, आणि ती कमी जण मागतात: अधिवेशनात तारांकित प्रश्न. पत्राला उत्तर आलं नाही तरी चालून जातं, सभागृहाच्या प्रश्नाला विभागाला लेखी उत्तर तयार करावंच लागतं आणि ते छापून निघतं. काम जुनं आणि अडलेलं असेल तर पत्रापेक्षा प्रश्न मागा.

जायचा दिवस

सरकारी आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आहे, वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५. मंत्रिमंडळाची बैठक बहुधा मंगळवारी असते. त्यामुळे मंगळवार ते गुरुवार मंत्री मुंबईत सापडण्याची शक्यता जास्त आणि गर्दीही जास्त. तुमचं काम टेबलावरचं असेल, मंत्र्यांकडे नसेल, तर सोमवार बरा. अधिवेशनाच्या काळात जाऊ नका. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं, तेव्हा सगळं टेबल प्रश्नोत्तरं आणि लक्षवेधी यांत बुडालेलं असतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सरकारच नागपूरला असतं.

रेल्वेनं महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री सांगली, किर्लोस्करवाडी, कराड घेत सकाळी सीएसएमटीला पोचते. साताऱ्यात ती मध्यरात्रीच्या सुमारास येते आणि स्टेशन गावाबाहेर माहुलीजवळ आहे, तेव्हा रिक्षा आधीच सांगून ठेवा. सीएसएमटीवरून शेअर टॅक्सी मिळते. आता भुयारी मेट्रोही आहे: सीएसएमटीला बसायचं आणि विधान भवन स्थानकाला उतरायचं. चर्चगेटहून पायी दहा-पंधरा मिनिटं.

साध्या अभ्यागतांना आत सोडतात ते दुपारी २ नंतर. प्रवेशाची नोंद 'डिजिप्रवेश' ॲपवर होते. आधार आणि चेहऱ्याची पडताळणी त्यात असते, म्हणून नोंदणी घरूनच, मुलाला शेजारी बसवून, करून घ्या. दारात ओटीपी न येणं, आधारला जुना मोबाईल नंबर जोडलेला असणं, यातच वयस्कर माणसांचा तास-दीड तास जातो. मूळ ओळखपत्र जवळ असू द्या. नियम मधूनमधून बदलतात, आदल्या दिवशी ॲप पुन्हा उघडून पाहा.

दोघांनी जावं. एक बोलणारा, एक लिहून घेणारा. पंधरा जणांचं शिष्टमंडळ गेलं तर तेरा जण बाहेर उन्हात उभे राहतात. परतीच्या वाटेवर "आमची कुणी विचारपूस केली नाही" ही कुरबुर सुरू होते आणि गावात गेल्यावर काम बाजूला पडून तीच गोष्ट चालते.

आत गेल्यावर मनाचं काय करायचं

हा भाग नुसत्या भावनेचा नाही, कामाचा आहे. त्रिमूर्ती प्रांगणातून आत शिरलं की गावचा माणूस आपसूक खांदे पाडतो. हातातली पिशवी छातीशी येते, आवाज खाली जातो. पीए, ओएसडी (विशेष कार्य अधिकारी), हातात वायरलेस घेतलेले पोलीस, यांनी दडपण येतं. आणि दडपण आलं की माणूस दोन चुका करतो: शिपायापासून सगळ्यांना उगाच हात जोडतो, नाहीतर "आम्ही अमक्या साहेबांचे" म्हणून आवाज चढवतो. दोन्हींनी टेबलावरचा माणूस आखडतो. तुम्ही राज्याचे नागरिक आहात, ग्रामसभेचा ठराव तुमच्या हातात आहे. "नमस्कार साहेब, आम्ही खटाव तालुक्यातून आलो, अमुक विषयाचा अर्ज आहे, टपाल क्रमांक हा," एवढं सरळ बोला. बाई असतील तर मॅडम. शिपायाला मामा म्हटलं तर आपल्या भागात वावगं नाही आणि कोणतं टेबल कुठं हलवलं ते त्यांनाच नेमकं माहीत असतं.

वर पाहिलंत तर मधल्या चौकात जाळी दिसेल. कुणी वरून उडी मारू नये म्हणून २०१८ मध्ये ती बांधली. त्याच वर्षी जानेवारीत धर्मा पाटील या धुळे जिल्ह्यातल्या वृद्ध शेतकऱ्यानं जमिनीच्या मोबदल्यासाठी फेऱ्या मारून मंत्रालयात विष घेतलं आणि नंतर त्यांचा मृत्यू झाला. ती जाळी पाहून पोटात कालवतं. राजधानीविषयी राग येणं साहजिक आहे. तो राग गिळू नका, पण टेबलावरच्या सहायकावरही काढू नका. पुढं सांगितलेला माहिती अधिकाराचा अर्ज आणि दप्तर दिरंगाई कायदा, ही त्या रागाची जागा आहे.

कंदी पेढे, तासगावचा बेदाणा घरीच ठेवा. आपल्याकडे रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, हे खरं. पण काम प्रलंबित असताना दिलेला पुडा घेणाऱ्यालाही अडचणीत टाकतो आणि तुमचा हक्क उपकारात बदलतो. दारात, उपाहारगृहात "मी करून देतो" म्हणणारे भेटतील. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

सगळ्यात आधी टपाल. अर्ज टपाल केंद्रात द्या आणि क्रमांक घ्या. थेट मंत्र्यांच्या हातात दिलेला अर्ज त्यांच्या कार्यालयातून विभागात उतरायला वेळ घेतो, कधी उतरतही नाही. म्हणून मंत्र्यांना द्यायचा असेल तर दुसरा संच द्या, त्यावर टपालाचा क्रमांक लिहून.

शेरा कसा वाचायचा

मंत्री अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून सही करतात. तो शेरा. गावात परत आल्यावर त्याचे फ्लेक्स लागतात, "मंजुरी मिळाली" म्हणून. शेरा मंजुरी नसतो, आणि त्यातले शब्द नीट वाचले तर पुढं काय होणार ते बरंचसं कळतं.

"नियमानुसार कार्यवाही करावी": यात काहीच मिळालेलं नाही. अर्ज नुसता खाली पाठवला आहे, नियमात बसत असेल तर होईल. "तपासून सादर करावे": हा त्याहून बरा, कारण नस्ती परत मंत्र्यांपर्यंत आली पाहिजे असं त्यात आहे. "प्रस्ताव सादर करावा": हा कामाचा. आता विभागाला टिपणी तयार करावीच लागते, आणि तुम्ही "प्रस्ताव कधी सादर झाला" असं विचारू शकता. "चर्चा करावी" म्हणजे मंत्र्यांना काही शंका आहे किंवा विषय गुंतागुंतीचा आहे, त्यात घाई चालत नाही. "तात्काळ" हा शब्द कुठल्याही शेऱ्याला जोडलेला असतो, त्यावर विसंबू नका. शेऱ्याखाली तारीख आणि कुणाला उद्देशून आहे ते, म्हणजे 'प्रधान सचिव, ग्रामविकास' असं काही, लिहिलेलं नसेल तर पीएंना तिथंच विनंती करा. पत्ता नसलेला शेरा कुठंच जात नाही.

त्यानंतर नस्ती चढते: सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितात, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री. पैशाचा विषय असला तर वित्त विभागाचे अभिप्राय लागतात. मंजुरी म्हणायची ती शासन निर्णय किंवा प्रशासकीय मान्यतेचं पत्र निघाल्यावर. त्यापुढंही तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश राहतातच.

कागद खरोखर कुठं अडतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. कक्ष अधिकाऱ्यांना भेटलात की "काम कुठपर्यंत आलं?" असं विचारू नका. त्याला "प्रक्रियेत आहे" एवढंच उत्तर मिळतं. विचारा: "क्षेत्रीय अहवाल मागवला आहे का? कोणत्या पत्रानं, कोणत्या तारखेला?" बऱ्याचदा उत्तर येतं की जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला होता, तो आलाच नाही. म्हणजे वर्षभर ज्या मुंबईला आपण दोष दिला ती मुंबई वाट पाहत होती आणि पत्र आपल्याच जिल्ह्यात, सदर बझारात किंवा विजयनगरला, एखाद्या गठ्ठ्यात होतं. कोयनेच्या विस्थापितांसारख्या जुन्या प्रश्नांत तर अहवाल वरून खाली आणि खालून वर इतक्या वेळा जातो की मधल्या बदल्यांत मूळ याद्याच सापडेनाशा होतात. म्हणून आपल्या गावाच्या यादीची सही-शिक्क्याची प्रत गावातच जपून ठेवा.

त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मुंबईच्या फेरीत मिळवायची खरी वस्तू तीच आहे.

इंग्रजांनी गादीवरून काढलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची बाजू मांडायला रंगो बापूजी १८४० साली लंडनला गेले, दहा वर्षांहून अधिक काळ तिथं राहिले, आणि ते तिथं असतानाच १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं. उत्तर कधी द्यायचं याचं कसलंही बंधन त्या दरबारावर नव्हतं. तुमच्या हातात मात्र मुदत आहे. २००५ च्या ज्या कायद्याला सगळे दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात, त्यात एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. तातडीची असेल तर चार दिवस. दुसऱ्या विभागाकडे जावं लागत नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, जावं लागत असेल तर तीन महिन्यांत. स्मरणपत्रात या मुदतीचा उल्लेख एका ओळीत, साध्या शब्दांत करा.

तरीही हललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "का झालं नाही" असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण कायदा अभिलेखाची प्रत देतो, खुलासा देत नाही. असं लिहा: "टपाल क्रमांक अमुक, दिनांक तमुक या अर्जाच्या नस्तीतील टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग यांच्या सर्व पानांच्या प्रती मिळाव्यात." टिपणी भाग हा शब्द विसरू नका, कोणी काय लिहिलं आणि कुणाच्या टेबलावर किती दिवस थांबलं ते त्यातच दिसतं. प्रती पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर.

परत आल्यावर

गाडीतच वही काढा आणि ताजं असतानाच लिहा: कोणत्या कार्यासनात गेलो, कोणत्या पदावरच्या माणसाशी बोललो, त्यांनी कोणतं पत्र सांगितलं, पुढं कधी विचारायचं. फोटो गटावर टाकायचा असेल तर त्याखाली टपाल क्रमांक लिहा, म्हणजे दोन वर्षांनी सरपंच बदलला तरी धागा तुटणार नाही. पुढच्या ग्रामसभेत हे पान वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या कार्यालयात जा. "शासनाचं पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये मागवलेला अहवाल सादर होण्याबाबत" असा विषय लिहिलेला एक पानी अर्ज आवक टेबलावर द्या, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊन मगच बाहेर या.